म्यानात परतणारी तलवार

समोर कोणीही नाही. लाकडी भूमीवर गुडघे दुमडून, पाठीचा कणा ताठ ठेवून एक मनुष्य बसला आहे. कमरेच्या पट्ट्यात डाव्या बाजूस तलवार खोवलेली आहे आणि दोन्ही हात मांड्यांवर स्थिर आहेत. श्वास संथ होत जातो. मग हात मुठीकडे जातात, टाचा उचलल्या जातात, उजवे पाऊल पुढे पडते आणि त्याच क्षणी पाते म्यानातून सुटून कल्पित शत्रूच्या कानशिलाच्या रेषेत आडवे फिरते. लगेच तलवार मस्तकावर जाते आणि दोन्ही हातांच्या पकडीत सरळ खाली उतरते. पात्यावरचे रक्त झटकल्याची क्रिया होते आणि तलवार सावकाश म्यानात परतते. ती परतत असताना साधकाची दृष्टी म्यानाकडे नसते. ती पडलेल्या शत्रूवर खिळलेली असते आणि तो शत्रू तर मुळात नव्हताच!

जपानमधील ‘इआइदो’ या खड्गसाधनेचा हा पहिला पाठ. त्याचे नाव ‘माए’, म्हणजे ‘समोर’. अखिल जपान केंदो महासंघाने १९६९ साली विविध परंपरांमधून निवडून असे सात पाठ सर्वांसाठी निश्चित केले. आज त्यांची संख्या बारा आहे. तीस-तीस वर्षे साधना केलेला मनुष्यही सरावाच्या आरंभी याच पहिल्या पाठाकडे वळतो. प्रतिस्पर्धी नाही, जयपराजय नाही, टाळ्या नाहीत. क्षेपणास्त्रांच्या युगात कोणी सुशिक्षित, नोकरदार, कुटुंबवत्सल माणसाने रोज सायंकाळी नसलेल्या शत्रूवर तलवार का चालवावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. हा प्रश्न नवा नाही. जपानने तो स्वतःलाच दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता आणि त्याच्या उत्तरासाठी त्या राष्ट्राला बरीच किंमतही मोजावी लागली.

या विद्येचा उगम अर्थातच रणभूमीवर झाला. आज जिवंत असलेल्या सर्वात जुन्या परंपरांपैकी एक म्हणजे ‘तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू’. चिबा प्रांतातील कातोरी देवस्थानाच्या परिसरात पंधराव्या शतकात इइझासा चोइसाइ इएनाओ याने ती स्थापन केली. या इइझासाची एक आख्यायिका सांगितली जाते. आव्हान घेऊन आलेल्या योद्ध्याला तो बांबूच्या कोवळ्या झुडपांवर चटई टाकून बसून दाखवी. झुडपे वाकत नसत. पाहुण्याला शेजारी बसण्याचे निमंत्रण मिळे आणि बहुतेक पाहुणे निमूटपणे परत जात. कथा खरी की खोटी हे महत्त्वाचे नाही. शतकानुशतके ज्या परंपरेने युद्धकौशल्य शिकविले, तिने आपल्या मूळ पुरुषाची कोणती गोष्ट जपून ठेवावी याची निवड लक्षणीय आहे. जपानी भाषेत ‘युद्धाची पद्धती’ आणि ‘शांतीची पद्धती’ या दोन्हींचा उच्चार ‘हेइहो’ असाच होतो, आणि या परंपरेने त्या श्लेषालाच आपली शिकवण बनविले.

भारतीय वाचकाला या ठिकाणी काही ओळखीच्या खुणा दिसतील. कातोरी परंपरेचे साधक ज्या ‘मारिशितेन’ देवतेचे स्मरण करतात, ती मूळची आपली मरीची. तलवारीच्या पात्यांवर कोरली जाणारी ‘बोंजी’ अक्षरे ही सिद्धम लिपीतील संस्कृत बीजाक्षरे आहेत. हातात खड्ग आणि पाश घेऊन ज्वाळांमध्ये उभा असलेला ‘फुदो म्योओ’ हा बौद्ध तंत्रातील अचल आणि त्याचे ‘हां’ हे बीज कित्येक जुन्या पात्यांवर आढळते. ज्या सभागृहात सराव चालतो त्याला ‘दोजो’ म्हणतात. हा शब्द ‘बोधिमंड’ या संस्कृत शब्दाचे भाषांतर म्हणून चीनमार्गे तेथे पोहोचला. ‘झेन’ हे ‘ध्यान’ या शब्दाचे रूप आहे, हे तर सर्वश्रुतच आहे. मात्र यावरून ‘सारे काही येथूनच गेले’ असा डांगोरा पिटण्याचा मोह आवरलेला बरा. बीज गेले हे खरे, पण शेत जपानी शेतकऱ्याने नांगरले. त्याचे श्रेय त्यालाच दिले पाहिजे.

सतराव्या शतकाच्या आरंभी तोकुगावा घराण्याची सत्ता स्थिर झाली आणि अडीचशे वर्षांची शांतता आली. युद्धे संपली, परंतु कमरेला दोन तलवारी लावणारा सामुराई वर्ग उरला. निरुद्योगी शस्त्रधारी हा कोणत्याही समाजाला धोकाच असतो. या अवस्थेत तलवारीचा अर्थच नव्याने लावला गेला. तिसऱ्या शोगुनचा शस्त्रगुरू यागयू मुनेनोरी याने १६३२ साली लिहिलेल्या ग्रंथात मारणारी तलवार आणि जीवन देणारी तलवार असा भेद मांडला. त्याच्यासाठीच ताकुआन सोहो या झेन भिक्षूने ‘अचल प्रज्ञे’वर एक पत्रवजा प्रबंध लिहिला होता. त्यातील युक्तिवाद आजही मननीय आहे. अचल म्हणजे दगडासारखे थिजलेले मन नव्हे, असे तो सांगतो. उलट, जे कोठेही अडकून पडत नाही ते मन अचल. शत्रूच्या तलवारीवर मन थांबले की तलवारीने ते जिंकले, स्वतःच्या तलवारीवर थांबले की स्वतःच्याच तलवारीने बांधले. यासाठी त्याने सहस्रभुज अवलोकितेश्वराचा दाखला दिला आहे. हजारांपैकी एका हातावर मन खिळले, तर उरलेले नऊशे नव्व्याण्णव हात निरुपयोगी होतील!

हे तत्त्वज्ञान ग्रंथातच राहिले असते तर ते केव्हाच विस्मरणात गेले असते. ते शरीरात उतरविण्याची रीत जपानी गुरूंनी शोधली, यातच त्यांचे मोठेपण आहे. साध्या माणसाला ‘मन स्थिर कर’ म्हणून ते होत नाही, पण ‘डाव्या हाताच्या करंगळीची पकड घट्ट ठेव आणि उजवा हात सैल सोड’ असे सांगितले तर तो तसा प्रयत्न तरी करू शकतो. तलवारीचा वार दिसायला उजव्या हाताचा वाटतो. प्रत्यक्षात डावा हात बळ देतो, उजवा दिशा देतो आणि शक्ती कमरेतून व ओटीपोटातून येते. तलवार उपसताना उजवा हात पुढे जातो त्याच वेगाने डावा हात म्यान मागे खेचतो. हे मागे खेचणे जमले नाही तर पाते सुटतच नाही. खांदे ताणले की वार अडखळतो. श्वास छातीत अडकला की पाय जड होतात. मनात घाई असेल तर तलवार म्यानात परत नेताना अंगठ्याजवळची त्वचा कापते. नवशिक्याला म्हणूनच धार नसलेली, मिश्रधातूची तलवार देतात, खरी धार पुष्कळ पुढच्या टप्प्यावर येते. अहंकार, भीती, उतावीळपणा हे सारे विकार येथे उपदेशाचे विषय राहत नाहीत. कोपर कोठे वाकले, टाच कोठे टेकली यावरून ते गुरूला दिसतात आणि गुरू कोपर दुरुस्त करतो. मनाविषयी तो बहुधा एक शब्दही बोलत नाही.

अठराव्या शतकात बांबूच्या पट्ट्यांची तलवार आणि मस्तक, मनगट, छातीचे चिलखत वापरात आले. त्यामुळे जीव न गमावता पूर्ण ताकदीने प्रहार करता येऊ लागला. आजच्या ‘केंदो’चा हा पाया. जुन्या परंपरांनी त्या काळी नाके मुरडली होती. खरा मृत्यू समोर नसेल तर मनाची परीक्षा कसली, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप पुरता खोटाही नव्हता.

मग १८६८ ची राज्यक्रांती झाली. १८७६ साली नव्या शासनाने सैनिक व पोलीस वगळता इतरांना सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी घातली. अवघ्या दोन वर्षांनी, १८७८ मध्ये, भारतात इंग्रजांनी शस्त्र कायदा लादला. दोन देशांतील शस्त्रविद्या जवळजवळ एकाच वेळी संकटात आल्या. फरक इतकाच, की येथे निःशस्त्र करणारे परकीय होते आणि तेथे स्वकीय. जपानमधील बंदीही शस्त्र बाळगून हिंडण्यापुरती होती. ते घरात ठेवण्यास वा त्याचा सराव करण्यास मनाई नव्हती. तरीही विद्या मरणपंथाला लागलीच. साकाकिबारा केनकिची या नामांकित तलवारबाजाने १८७३ साली तोकियोच्या आसाकुसा भागात तिकीट लावून लढतींचे खेळ भरविले. बेकार सामुराईंची चूल त्यावर काही काळ पेटली. कालपर्यंत ज्यांच्यापुढे रयत मान खाली घालीत होती, ते आता तिच्याच करमणुकीसाठी तंबूत उभे होते. काहींना ही विद्येची विटंबना वाटली, पण त्या तंबूंनी ती जगविली हेही नाकारता येत नाही.

खरा आधार मिळाला तो पोलीस दलाकडून. १८७७ च्या सात्सुमा बंडात ताबारुझाका येथे खड्गधारी पोलीस तुकडीने पराक्रम गाजविला, आणि १८७९ मध्ये तोकियोचे पोलीसप्रमुख कावाजी तोशियोशी यांनी या विद्येच्या पुनरुज्जीवनाचा लेखी पुरस्कार केला. गंमत अशी, की जपानी आधुनिकतेचा अग्रणी आणि केइओ विद्यापीठाचा संस्थापक फुकुझावा युकिची सामुराईंच्या जुनाट मिजाशीवर कोरडे ओढीत होता, स्वतःच्या तलवारी त्याने विकूनही टाकल्या होत्या, तरी इआइचा सराव मात्र त्याने व्यायाम म्हणून उतारवयापर्यंत सोडला नाही. प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून तलवार त्याला नको होती, साधन म्हणून हवी होती. परंपरेकडे पाहण्याची याहून निकोप दृष्टी कोणती?

या संक्रमणकाळाचा सर्वात उत्तुंग पुरुष म्हणजे यामाओका तेश्शू. जन्म १८३६, उंची सहा फुटांहून अधिक, अंगात अचाट बळ. १८६३ साली त्याची गाठ आसारी योशिआकी या इत्तो परंपरेच्या आचार्याशी पडली आणि तेश्शूला आपले सारे बळ व्यर्थ वाटू लागले. आसारी काही विशेष करीत नसे. तो फक्त पुढे सरके आणि तेश्शू मागे हटत भिंतीला टेके. घरी आल्यावर डोळे मिटले की आसारी डोंगरासारखा समोर उभा राही. हा पराभव तेश्शूने सतरा वर्षे उराशी बाळगला. या काळात त्याने जगात काय केले नाही? १८६८ मध्ये शत्रूसैन्याच्या फळीतून जाऊन साइगो ताकामोरीची भेट घेतली आणि एदो नगरीच्या रक्तहीन शरणागतीची वाट मोकळी केली. लाखो लोकांचे शहर जळण्यापासून वाचले. पुढे तो सम्राट मेइजीच्या सेवेत राहिला. लौकिक यशाला तोटा नव्हता. पण दोजोत उभे राहिले की आसारीचा डोंगर तसाच! तेन्र्यूजी मठाचे आचार्य तेकिसुइ यांच्याकडे त्याने ध्यानाची साधना केली. ३० मार्च १८८० च्या पहाटे ध्यानातून उठून त्याने लाकडी तलवार उचलली, तेव्हा आसारीची आकृती समोर आली नाही. त्याने आसारीला बोलावणे धाडले. दोघे समोरासमोर उभे राहिले आणि काही क्षणांतच वृद्ध गुरूने तलवार खाली ठेवली. एकही वार झाला नाही.

तेश्शूने आपल्या परंपरेला ‘मुतो-र्यू’, म्हणजे ‘खड्गविरहित परंपरा’ असे नाव दिले. मनाबाहेर खड्ग नाही, हा त्याचा आशय. पण या सूक्ष्म तत्त्वाच्या दाराशी येण्यासाठी त्याने शिष्यांपुढे जी अट ठेवली ती अगदी स्थूल होती. हजार दिवसांचा अखंड सराव, आणि त्यानंतर एका दिवसात एकामागून एक दोनशे लढती, त्याही ताज्या दमाच्या प्रतिस्पर्ध्यांशी. हातांची सालटी निघत, लघवीतून रक्त जाई. अध्यात्माच्या नावाने आळसाला सोकावलेल्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा. १८८८ च्या जुलै महिन्यात जठराच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या तेश्शूने ध्यानासनात बसूनच देह ठेवला.

येथपर्यंतची कथा सांगायला आणि ऐकायला सुखद आहे. पुढची तशी नाही.

१८९५ साली क्योतोत ‘दाइ निप्पोन बुतोकुकाइ’ ही संस्था स्थापन झाली. १९११ मध्ये खड्गविद्येला माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात स्थान मिळाले आणि १९३१ मध्ये तिचे शिक्षण सक्तीचे झाले. ‘केंजुत्सु’ म्हणजे खड्गकला हे नाव मागे पडून ‘केंदो’ म्हणजे खड्गमार्ग हे नाव रूढ झाले. नाव उदात्त होत गेले आणि हेतू मात्र संकुचित होत गेला. शासनाला आता चारित्र्य नको होते, आज्ञाधारकपणा हवा होता. १९४२ मध्ये बुतोकुकाइ सरकारी छत्राखाली गेली आणि पंतप्रधान तोजो तिचे अध्यक्ष झाले. ‘जीवन देणारी तलवार’ हे शब्द ज्या पिढीला शाळेत शिकविले गेले, त्याच पिढीतील काही अधिकाऱ्यांनी चीनमध्ये आणि आग्नेय आशियात हात बांधलेल्या कैद्यांची मुंडकी तलवारीने उडविली. ही अपवादात्मक विकृती होती असे म्हणून सुटका होत नाही. पकड तीच होती, श्वास तोच होता, मनाची निश्चलताही तीच होती. मनाला न डगमगण्याचे शिक्षण मिळाले, पण कोठे थबकावे हे शिकविणारे कोणी उरले नाही. साधना माणसाला सामर्थ्य देते. त्या सामर्थ्याच्या विनियोगाचा विवेक तिच्या पोटातून आपोआप जन्मास येत नाही, हे जपानने स्वतःच्या आणि त्याहून अधिक दुसऱ्यांच्या रक्ताने शिकले.

१९४५ मध्ये विजेत्यांनी शाळांतून या विद्येचे उच्चाटन केले आणि १९४६ मध्ये बुतोकुकाइ विसर्जित झाली. घरोघरच्या तलवारी जमा झाल्या, कलावस्तू म्हणून जी पाती मान्य झाली तेवढी वाचली. काही जाणत्यांनी युक्ती काढली. कापडात गुंडाळलेली लवचीक बांबूची तलवार, सदरा-विजार असा पाश्चात्त्य वेष, पाश्चात्त्य पट्टेबाजीसारखे नियम असा एक खेळ त्यांनी १९५० मध्ये सुरू केला आणि त्या वेषात विद्या जगविली. १९५२ साली अखिल जपान केंदो महासंघ उभा राहिला. पुढे १९७५ मध्ये महासंघाने आपले ध्येय शब्दबद्ध केले. खड्गाच्या तत्त्वांच्या अभ्यासातून माणसाचे चारित्र्य घडविणे, इतरांविषयी आदर बाळगणे आणि मानवजातीच्या शांतीला व उत्कर्षाला हातभार लावणे, असा त्याचा आशय आहे. त्यात सम्राटही नाही आणि साम्राज्यही नाही. पराभवातून आलेले हे शहाणपण आहे, आणि ते पराभवातून आले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

या ध्येयाची छाया नियमांतही दिसते. केंदोच्या सामन्यात मस्तक, मनगट, बरगड्यांची बाजू आणि कंठ यांवरील अचूक प्रहारालाच गुण मिळतो. परंतु नुसता स्पर्श पुरत नाही. चैतन्य, शस्त्र आणि शरीर एकवटले पाहिजेत आणि प्रहारानंतरही सावधपणा, ज्याला ‘झान्शिन’ म्हणतात, तो टिकला पाहिजे. गुण मिळाल्यावर खेळाडूने हात उंचावून आनंद दाखविला तर दिलेला गुण काढून घेतला जातो! क्रिकेटच्या मैदानावरील आरडाओरड रोज पाहणाऱ्यांना हा नियम परग्रहावरचा वाटेल. पण जो समोर उभा राहिला म्हणून आपली विद्या कसाला लागली, त्याच्या पराभवावर नाचू नये, इतकी साधी गोष्ट त्यामागे आहे. १९६४ पासून ज्यूदो ऑलिंपिकमध्ये आहे. केंदो तेथे नाही, आणि जपानी महासंघाला त्याची घाईही नाही. पदकाच्या हव्यासात प्रहाराचा दर्जा जाईल आणि विजेचे दिवे गुण मोजू लागतील, ही भीती त्यामागे आहे. दक्षिण कोरियातील खेळाडूंचे मत अर्थातच वेगळे आहे. २००६ साली तैपेइच्या विश्वस्पर्धेत त्यांनी सांघिक अजिंक्यपद मिळवून आपला अधिकारही सिद्ध केला आहे.

यावरून आजचे चित्र निष्कलंक आहे असे समजू नये. इआइदोच्या वरिष्ठ श्रेणीसाठी परीक्षकांना पैसे चारण्याची रीत होती, हे २०१८ मध्ये उघडकीस आले आणि महासंघाला ते मान्य करावे लागले. ज्या परीक्षेत उमेदवाराच्या मनाचा तोल पाहायचा तेथे पाकिटाचे वजन पाहिले जात होते! चारित्र्य घडविण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती कोणत्याही देशातील असो, ही बातमी आपल्या भिंतीवर लावून ठेवावी. पद आणि श्रेणी आल्या की त्यांचा बाजारही येतोच. तो रोखण्याचा उपाय तलवारीत नाही, हिशेबाच्या वहीत आणि निर्भय सहकाऱ्यांत आहे.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. ते योग्यच झाले. कोल्हापूरच्या तालमींतून मर्दानी खेळ जपणाऱ्या मंडळींना त्याने हुरूपही आला असेल. पण शासनाची घोषणा एका दिवसाची असते. मिरवणुकीत वर्षातून एकदा फिरणारा पट्टा आणि रोज ठरल्या वेळी, कोणी पाहत नसताना फिरणारा पट्टा यांत केवढे अंतर आहे, हे नित्य एकत्र येण्याचे महत्त्व जाणणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. जपानमध्येही ही विद्या शासनादेशाने वाचली नाही. शासनादेशाने ती एकदा मोडली आणि एकदा बिघडली. २०१२ पासून तेथील कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकलांचे शिक्षण पुन्हा अनिवार्य आहे. त्याने काय साधेल हे काळ ठरवील. आजवर विद्या टिकली ती गावोगावच्या लहान दोजोंमुळे. तेथे निवृत्त शिक्षक, पोलीस, दुकानदार सायंकाळी भूमी पुसून घेतात, प्रवेश करताना तिला वंदन करतात आणि आठ वर्षांच्या मुलांना पाऊल कसे सरकवावे ते शिकवितात.

दर मे महिन्यात क्योतोत आणि नोव्हेंबरात तोकियोत केंदोच्या आठव्या श्रेणीची परीक्षा होते. सातवी श्रेणी मिळून दहा वर्षे झाल्याशिवाय आणि वयाची सेहेचाळीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तिला बसता येत नाही. पहिल्या फेरीत दोन अपरिचित प्रतिस्पर्ध्यांशी जेमतेम दोन-दोन मिनिटांच्या लढती होतात. कोण जिंकले हे परीक्षक मोजत नाहीत. उमेदवार उभा कसा राहिला, दडपणाखाली त्याचे मन हलले का, आणि जो वार झाला तो होण्यावाचून गत्यंतर नव्हते का, हे ते पाहतात. शंभरात सुमारे एक उत्तीर्ण होतो. साठी-सत्तरी ओलांडलेले, दहा-पंधरा वेळा अनुत्तीर्ण झालेले साधकही त्या रांगेत असतात. दुपारी फलकावर क्रमांक लागतात, लोक त्यावरून बोट फिरवितात, आपला क्रमांक नाही हे पाहून एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि चिलखताची पिशवी खांद्यावर टाकून परतीच्या गाडीसाठी स्थानकाकडे निघतात. दुसऱ्या दिवशी सायंकाळी गावातील दोजोचे दार पुन्हा त्यांनाच उघडायचे असते.